घरगुती संगणकावरील अनियत ध्वनिविकृती : कारणशोधाची पद्धती

जे यंत्र पूर्णपणे बंद पडते त्याचा दोष शोधून काढणे फारसे अवघड नसते. दोष समोर असतो आणि उपाय लागू पडला की नाही हे तत्काळ कळते. परंतु जो दोष येतो आणि आपोआप नाहीसा होतो, त्याची गोष्ट निराळी आहे. घरगुती संगणकावर ध्वनिमुद्रण ऐकत असता मधूनच खरखर उमटते, टिचकीसारखा आवाज येतो, शब्द क्षणभर तुटतो किंवा आवाज फाटतो. थोड्या वेळाने सारे पूर्ववत् होते. संगणक दुरुस्तीसाठी नेला तर तेथे तो बिनतक्रार चालतो. मग कोणी स्पीकर बदलतो, कोणी सर्व प्रणाली नव्याने भरतो, आणि चार दिवसांनी खरखर पुन्हा ऐकू येते. अशा दोषाचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, याचा विचार येथे केला आहे.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. भाषाविज्ञान, लोकसाहित्य व संगीत या विषयांच्या अभ्यासकांचे बरेचसे श्रवण, लिप्यंतर आणि मापन आता घरच्या संगणकावर होते. स्पर्श व्यंजनातील अवरोध, स्फोट आणि त्यामागून येणारा श्वास यांचे मापन सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिसेकंदांत केले जाते. यंत्रदोषाने पडलेली २० मिलिसेकंदांची पोकळी या मापांच्याच जातीची असते. ती उच्चाराचा भाग मानली गेली तर चुकीचा निष्कर्ष निघतो. उलटपक्षी, दोष केवळ स्पीकरचा असताना मुद्रणच बिघडले असे समजून ते टाकून दिले, तर कदाचित् पुन्हा न मिळणारा निवेदक कायमचा हातचा जातो.

म्हणून पहिला प्रश्न असा की, विकृती मुद्रणात आहे की ऐकविणाऱ्या यंत्रणेत? याची परीक्षा सोपी आहे. विकृती ज्या ठिकाणी ऐकू आली तेथील मिनिट व सेकंद टिपून तोच भाग तीन वेळा ऐकावा. प्रत्येक वेळी ती त्याच अक्षरावर आली तर दोष बहुधा मुद्रणात आहे. तिने जागा बदलली तर तो ऐकविणाऱ्या यंत्रणेत आहे.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील वाशी तालुक्यात असलेले तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. तेथे एखाद्या घरात बोलीचे मुद्रण चालू आहे आणि दूरवर फटाक्याचा बार उडाला, अशी कल्पना करावी. भारतातील नियमांप्रमाणे फटाक्याच्या आवाजाची मर्यादा ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबल आहे. एक मीटर अंतरावरील साधे संभाषण सुमारे ६० डेसिबल असते. दर २० डेसिबलला ध्वनिदाब दसपट होतो. ही तुलना स्थूल असली, तरी दोहोंतील ध्वनिदाबाचे अंतर हजारपटीहून अधिक आहे हे तीवरून दिसते. अर्थात् अंतर वाढले की बाराचा जोर उतरतो. तरीही संभाषणाच्या बेताने माईकची पातळी चढवून ठेवलेली असेल, तर बार तिच्या बाहेर जाऊ शकतो. सोळा बिटांच्या मुद्रणात कोणत्याही क्षणाचे मूल्य −३२,७६८ ते ३२,७६७ या सीमांतच मांडता येते. त्यापलीकडचे सारे कापले जाते, आणि तरंगाचे गोलाकार शिखर सपाट होते. ऐकताना हाच फाटलेला आवाज होय. बार क्वचित् होत असल्यामुळे दोष अनियत भासतो. वस्तुतः तो एका जागी कायमचा कोरला गेलेला असतो.

स्थिर विकृतीचा दुसरा प्रकार म्हणजे मुद्रणाच्या वेळीच काही नमुने गळणे. येथे शिखर सपाट नसते, तर तरंगाची रेषा मध्येच तुटून दुसऱ्या पातळीवर सुरू होते. तिसरा प्रकार फसवा आहे. विकृती त्याच जागी येते, पण पडद्यावरील तरंगाकृती निर्दोष दिसते. अशा वेळी हेडफोन लावून ऐकावे. विकृती नाहीशी झाली तर स्पीकरचा पडदा फाटलेला किंवा त्याची पेटी विशिष्ट स्वराला थरथरणारी असण्याचा संभव मोठा. तेथे दोष काळाशी नव्हे, स्वराच्या उंचीशी बांधलेला असतो.

आता जागा बदलणाऱ्या विकृतीकडे वळू. सर्वसाधारण ध्वनिफाइलमध्ये दर सेकंदास ४४,१०० नमुने असतात. संगणक ते एकेक न पाठविता गटागटाने बफर नावाच्या तात्पुरत्या साठ्यात भरतो, आणि ध्वनियंत्रणा तो साठा ठरलेल्या गतीने रिकामा करते. साठा २५६ नमुन्यांचा असेल तर तो ५.८ मिलिसेकंदांत संपतो. १,०२४ नमुन्यांचा असेल तर २३.२ मिलिसेकंद पुरतो. तेवढ्या अवधीत प्रोसेसर दुसऱ्याच कामात गुंतून राहिला, तर पुढचा गट वेळेवर येत नाही आणि आवाज तुटतो. वाय-फायचा सदोष ड्रायव्हर, वीजबचतीसाठी प्रोसेसरची गती उतरणे, उष्णतेने ती मंदावणे, किंवा एकाच यूएसबी मार्गावर अनेक उपकरणांचा भार, ही याची नेहमीची कारणे होत. केवळ श्रवण करावयाचे असेल तेथे बफर वाढविण्यात काही हानी नाही; थोडा विलंब होतो इतकेच. परंतु बफर वाढविल्याने दोष लोपला, तर मूळ कारण नाहीसे झाले असे समजू नये. ते केवळ झाकले गेले आहे.

काही विकृती संगणकाबाहेरून येतात. पंप किंवा फ्रिज सुरू होताच टिचकी ऐकू येणे, अथवा ५० हर्ट्झ व त्याच्या पटींची घुमणारी गुणगुण मधूनमधून उमटणे, ही वीजपुरवठ्याची किंवा सदोष अर्थिंगची चिन्हे आहेत. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून, केवळ बॅटरीवर आणि हेडफोनवर ऐकावे. गुणगुण थांबली तर शोधाचे क्षेत्र एकदम अर्धे होते. केबल हलविताच खरखर होत असेल तर प्लगचा संपर्क सैल आहे. ब्लूटूथ आणि वाय-फायचा एक पट्टा हे दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या परिसरात चालत असल्यामुळे बिनतारी हेडफोनवर आवाज तुटत असेल, तर प्रथम तारेचा हेडफोन लावून पाहावा.

या सर्व परीक्षांमागील तर्क आपल्याकडील न्यायशास्त्रास परिचित असलेल्या अन्वय-व्यतिरेकाचाच आहे : कारण असता कार्य असणे आणि कारण नसता कार्य नसणे. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात मांडलेल्या रीतीही याच जातीच्या आहेत. व्यवहारात त्याचा अर्थ असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ड्रायव्हर, केबल आणि स्पीकर एकदम बदलले व खरखर थांबली, तर दोष गेला खरा, पण कारण अज्ञातच राहिले. तसेच संशयित कारण पुन्हा जागी ठेवून विकृती परत येते काय हेही पाहिले पाहिजे.

अनियत दोषाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. विकृती दर १० मिनिटांस सरासरी एकदा, पण यदृच्छेने येत असेल, तर काहीही न बदलता १० मिनिटे निर्दोष जाण्याची संभाव्यता प्वासाँच्या वितरणानुसार सुमारे ३७ टक्के असते. म्हणजे निरुपयोगी उपायही तीनांतून एकदा यशस्वी भासेल! निर्दोष काळ ३० मिनिटांचा झाला की ही संभाव्यता ५ टक्क्यांवर येते. म्हणून उपायापूर्वी दोन विकृतींमधील सरासरी अंतर मोजावे आणि उपायानंतर निदान त्याच्या तिप्पट काळ ऐकावे.

यासाठी संगणकाशेजारी एक वही पुरेशी आहे. तीत विकृतीची वेळ, फाइलमधील जागा, त्या क्षणी चालू असलेली कामे, वीजपुरवठ्याची स्थिती आणि केलेला एकच बदल यांची नोंद करावी. दहा-बारा नोंदींनंतर विकृती कशाशी बांधलेली आहे, फाइलमधील जागेशी, स्वराशी, प्रोसेसरच्या भाराशी की विजेशी, हे बहुधा स्पष्ट होऊ लागते. मुद्रणातच विकृती आढळल्यास मूळ फाइल न बदलता तिची प्रत करावी, विकृत भागाची मर्यादा नोंदवावी आणि तेवढा भाग मापनातून वगळावा. बाकीचे मुद्रण निःशंकपणे अभ्यासास घेता येते.