कोऱ्या पानावर काय लिहायचं?

आमच्या रहाटणीत संध्याकाळी मी आठ-दहा मुलांचा अभ्यास घेते. बहुतेकांचे वडील भोसरी-चाकणला कंपनीत, शिफ्टवर. 2023 साली शाळा सुरू झाल्या आणि बालभारतीच्या पुस्तकांत धड्यांबरोबर कोरी पानं आली. वर छापलेलं, 'माझी नोंद'. वह्या कमी लागतील, दप्तर हलकं होईल आणि शिकताना सुचेल ते मुलांना तिथंच टिपून ठेवता येईल, असा हेतू. मला तर कल्पना फारच आवडली.

महिन्याभराने पुस्तकं चाळली. कुणी फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलेलं, बाकीच्यांची पानं कोरीच. "काय लिहायचं ते बाईंनी सांगितलंच नाही!" पाचवीतल्या एका मुलीच्या पानावर मात्र खोडरबरने पुसल्याच्या खुणा होत्या. उजेडात धरल्यावर अक्षरं दिसली: 'पवना नदीला फेस का येतो? आपण तेच पाणी पितो का?' पुस्तक घाण केलं म्हणून आईनेच पुसलं होतं.

मैत्रिणींनो, मी त्या आईला काय बोलणार? "उगाच फाटे फोडू नकोस, आधी प्रश्नोत्तरं पूर्ण कर," असं मीही कितीदा म्हटलंय.

खरं तर कागदावर सगळं आहे. घोकंपट्टी सोडा, शिक्षण बाहेरच्या जगाशी जोडा, हे 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आलं. मुलाला भीती वाटू नये, मोकळेपणाने मत मांडता यावं, हे 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. 2020च्या धोरणात चिकित्सक विचार आला. पण परीक्षेत 'तुला काय वाटतं, का वाटतं?' याला मार्क नसतील, तर मूल कोऱ्या पानाचं करणार काय? शेवटी 2025च्या जानेवारीत सरकारने ती पानं बंद करायचं ठरवलं. मुलं वह्या आणतच होती, ओझं काही कमी झालं नव्हतं. वजनाचं पटतं हो मला. पण पानं कोरी का राहिली, हे कुणी मुलांना विचारलं का?

त्या पुसलेल्या प्रश्नाचं पुढे सांगते. रविवारी सगळ्यांना घेऊन काळेवाडीच्या पुलावर गेले. त्या मुलीची आईही आली, जरा घुश्शातच. घरांतलं आणि कारखान्यांतलं सांडपाणी नदीत येतं, त्यातल्या साबणाचा, रसायनांचा फेस होतो, हे मी सांगितलं. आपलं पिण्याचं पाणी वरच्या अंगाला, रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलतात आणि शुद्ध करून देतात, हेही. एका मुलाने लगेच विचारलं, "मग माझ्या पप्पांची कंपनी पाणी कुठं सोडते?" म्हटलं, पप्पांनाच विचार.

परतताना ती आई बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "ताई, आपल्याला वरचं पाणी मिळतं. मग खालच्या गावांनी कुठलं प्यायचं?"

लेकीने पिशवीतून पेन्सिल काढली.