तिभिरीनचा दवाखाना : पन्नास वर्षांचा मागोवा

अल्जीरियातल्या तिभिरीनचं नाव जगाला कळलं ते १९९६ मध्ये, सात मठवासियांच्या हत्येमुळे. २०१० साली त्यांच्यावरच्या फ्रेंच चित्रपटाला कान महोत्सवात ‘ग्रां प्री’ मिळालं आणि तीच अखेरची वर्षं पुन्हा चर्चेत आली. त्याआधीची पन्नास वर्षं मागेच राहिली. खरं तर मागोवा घ्यायला हवा तो त्यांचाच.

अल्जिअर्सच्या दक्षिणेला, अ‍ॅटलासच्या डोंगरात, मेदेआ शहराजवळ १९३८ मध्ये ट्रॅपिस्ट पंथाचे मठवासी येऊन राहिले. दिवसातून सात वेळा एकत्र प्रार्थना, उरलेल्या वेळात शेती आणि मौन, असा त्यांचा क्रम. हा पंथ प्रचाराला बाहेर पडत नाही. पण मठाभोवतीचं गाव गरीब मुसलमान शेतकऱ्यांचं, आणि दुखणं घेऊन आलेल्या माणसाला दारातून परत पाठवावं, असं कोणत्याच प्रार्थनेत बसत नाही.

१९४६ मध्ये ब्रदर ल्यूक दोशिए तिथे आले. ते मुळात डॉक्टर. महायुद्धाच्या काळात एका कुटुंबवाल्या युद्धकैद्याच्या बदल्यात ते स्वतः जर्मनीतल्या छावणीत गेले होते. तिभिरीनला आल्यावर त्यांनी मठातच दवाखाना थाटला. औषधं फुकट, आणि ज्याला लागतील त्याला चपला-कपडेही. बायका लेकरांना घेऊन डोंगर उतरून यायच्या, रांग लावायच्या. रोगी कोण, कुणाच्या बाजूचा, हे ल्यूक विचारत नसत. स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत, १९५९ साली, बंडखोरांनी त्यांना आणि आणखी एका ब्रदरला पळवून नेलं. पण काही दिवसांतच दोघांची सुटका झाली. त्या टापूत डॉक्टरला ओळखणारे बरेच होते.

१९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि युरोपीय लोक भराभर निघून गेले. पुढच्याच वर्षी हा मठ बंद करण्याचा विचार पंथाच्या वरिष्ठांनी केला होता. तो अमलात आला नाही. मोठी जमीन सरकारजमा झाली आणि थोडीशीच हाती उरली. पुढे तीही मठवासी गावकऱ्यांबरोबर भागीत कसू लागले. मठ लहान झाला, पण शेजार वाढला.

१९७१ मध्ये क्रिस्तियाँ द शेर्जे आले आणि १९८४ मध्ये मठप्रमुख झाले. तरुणपणी ते फ्रेंच सैन्यातर्फे अल्जीरियात होते. तेव्हा मोहम्मद नावाच्या एका मुसलमान मित्राने त्यांचा जीव वाचवला आणि त्यापायी स्वतःचा गमावला. हे ऋण क्रिस्तियाँ विसरले नाहीत. त्यांनी कुराण अभ्यासलं. १९७९ मध्ये सुरू झालेल्या ‘रिबात अस्-सलाम’ या गटात पुढे मेदेआचे सूफीही सामील झाले आणि दोन्ही धर्मांची माणसं प्रार्थनेसाठी एकत्र बसू लागली. गावाला नमाजासाठी जागा हवी होती, तेव्हा मठाने आपल्या आवारातली खोली दिली. घंटा आणि अजान एकाच भिंतीपलीकडून ऐकू येऊ लागली.

१९९२ मध्ये निवडणूक रद्द झाली आणि देशात यादवी पेटली. २४ डिसेंबर १९९३ च्या रात्री सशस्त्र टोळी मठात शिरली आणि डॉक्टरला आपल्याबरोबर डोंगरात न्यायची मागणी तिने केली. क्रिस्तियाँनी नकार दिला. डॉक्टर म्हातारे आहेत, दम्याने बेजार आहेत. जखमी आले तर मात्र इथेच उपचार होतील, असं त्यांनी सांगितलं. टोळी परतली. सरकारी बाजूला हे उपचार रुचणारे नव्हते, पण दवाखान्याचा नियम बदलला नाही. मठ सोडावा का, यावर मठवासियांनी अनेकदा खल केला. गावाला जायला दुसरी जागा नव्हती, आपल्याला होती; मग आपण तेवढे निघून जायचं का? एकेक करून सगळ्यांनी राहायचं ठरवलं. ऐंशीच्या घरातले ल्यूक रोगी तपासतच होते. आपल्या अंत्यविधीला एदित पियाफचं गाणं वाजवावं, अशी त्यांची इच्छा होती.

२६-२७ मार्च १९९६ च्या रात्री ल्यूक आणि क्रिस्तियाँसह सात जणांचं अपहरण झालं. दोघे बचावले. २१ मे रोजी सातही जणांना मारल्याचं अतिरेकी संघटनेच्या पत्रकात जाहीर झालं. मस्तकं सापडली, देह नाहीत. हत्या नेमकी कुणी आणि कशी केली, हा वाद मिटलेला नाही. सातही जण तिभिरीनलाच पुरले गेले.

८ डिसेंबर २०१८ रोजी ओरान शहरात कॅथलिक चर्चने त्यांना, यादवीत मारल्या गेलेल्या आणखी बारा जणांसह, धन्य घोषित केलं. मठात आता ‘शमँ नफ’ हा समुदाय राहतो. हुतात्मा म्हणून झालेला गौरव योग्यच आहे. पण दवाखान्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्या गावाला ही माणसं शेजारी म्हणून ठाऊक होती. ती ओळख पन्नास वर्षांची आहे आणि त्यांच्याविषयी सांगताना तीच आधी सांगायला हवी.