मोटारीची पाटी आधी वाचा

आमच्या कारागीर बांधवांना जुन्या बाजारात लेथ मशीन स्वस्तात मिळते. घरी आणल्यावर कळते की मोटार थ्री फेजची आणि मीटर सिंगल फेजचे! मग कोणीतरी कंडेन्सर लावून देतो. मोटार फिरते खरी, पण ताकद सुमारे दोनतृतीयांशच उरते. जाड कट घेताना ती अडते, तापते आणि शेवटी वाइंडिंग जळते. एक-दोन हॉर्सपॉवरच्या मोटारीला व्हीएफडी, म्हणजे ड्राइव्ह, लावणे आम्हाला शहाणपणाचे वाटते.

मात्र सिंगल फेजवर चालणारा साधा ड्राइव्ह ४१५ व्होल्ट देत नाही. त्यातून निघणारे थ्री फेजही २३० व्होल्टचेच असते. पाटीवर 'डेल्टा २३०, स्टार ४१५' असेल तर पेटीतील सहा टोकांवरच्या पट्ट्या बदलून डेल्टा जोडणी करून घ्यावी. तीनच टोके बाहेर असतील तर आतला स्टारचा जोड वाइंडरकडून सोडवून उरलेली तीन बाहेर काढावी लागतात. या कामाची मजुरी विचारूनच मशीनचा सौदा करा.

ड्राइव्ह आणि मोटारीमध्ये जुना स्टार्टर ठेवू नका. चालू-बंद ड्राइव्हवरूनच करा. अर्थिंग पक्के हवे. वीज बंद केल्यावरही ड्राइव्हमधले कंडेन्सर भरलेले असतात, म्हणून दहा मिनिटे थांबूनच झाकण उघडा.