जकात: दान की देणे?

जकात हा शब्द मराठी माणसाला ठाऊक झाला तो नाक्यामुळे. माल गावात आणायचा तर पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि पुढे निघायचे. मुंबईचे ते नाके 2017 साली वस्तू व सेवा कर आल्यावर उठले. मूळ अरबी शब्दात मात्र शुद्ध होणे आणि वाढणे असे दोन अर्थ आहेत, आणि इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी जकात हा एक आहे.

आम्ही काही मौलवी नव्हे. भंडारा जिल्ह्यात बिडी कामगारांची संघटना बांधताना हा विषय आमच्यापुढे आला. एका रमजानात एका कारखानदाराने कामगार बायांना पाकिटे वाटली. त्यांची तीन आठवड्यांची मजुरी थकलेली होती. एका म्हाताऱ्या बाईने पाकीट उघडलेच नाही. तिने आम्हाला विचारले, "भाऊ, हे माह्या मजुरीचे पैसे व्हय का जकातीचे?" आम्हाला उत्तर देता येईना. मग आम्ही जाणत्यांना विचारले, पुस्तके चाळली.

जकात केव्हा लागते? साडेसात तोळे सोने, किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीची रोकड वा व्यापारी माल असेल तेव्हा. या मर्यादेला निसाब म्हणतात. त्यावर एक चांद्र वर्ष लोटले की चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, द्यायचा. राहते घर आणि कारागिराची हत्यारे यांत धरत नाहीत. अंगावरच्या दागिन्यांबाबत मतभेद आहे: विदर्भात बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे, ते दागिने धरतात, कोकणातले शाफई बहुधा धरत नाहीत. शेताचा नियम निराळा. पावसावर पिकले तर दहावा हिस्सा, मोटेने वा पंपाने पाणी दिले तर विसावा.

आता आपल्या भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचेच उदाहरण घेऊ. समजा, एका दुकानदाराकडे रोकड 1,00,000, विक्रीची भांडी 4,00,000 आणि येणे 1,00,000 रुपये आहे. एकूण झाले 6,00,000. त्याला पितळेच्या व्यापाऱ्याचे 1,50,000 आणि कारागिरांच्या मजुरीचे 50,000 द्यायचे आहेत. हनफी हिशेबात ते वजा जाता उरले 4,00,000, आणि त्यांची जकात 10,000.

वाचकहो, यात मजुरी कोठे बसली ते पाहा. ती आधी वजा झाली! ते कर्ज आहे, आणि कर्ज फेडणे म्हणजे जकात देणे नव्हे. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, अशी पैगंबरांची शिकवण हदीसमध्ये सांगितली आहे. तेव्हा थकलेल्या मजुरीला जकातीचे नाव देता येत नाही. मजुराकडे असलेली उचल माफ करून तीच जकात म्हणून लिहिणेही हनफी मताप्रमाणे चालत नाही. पैसे आधी गरजूच्या हाती, त्याच्या मालकीचे व्हावे लागतात.

घेणारे कोण, तेही कुराणाने ठरवून दिले आहे. असे आठ वर्ग आहेत. त्यांत गरीब आणि निराधार आहेत, कर्जात बुडालेले आहेत, वाटेत अडकलेले प्रवासी आहेत. आईबाप, मुले, नातवंडे यांना जकात देता येत नाही, कारण त्यांचे पोषण आपल्याकडेच असते. गरीब भावाबहिणीला देता येते. आणि घेणाऱ्याला 'ही जकात आहे' असे सांगण्याचीही गरज नाही; देणाऱ्याच्या मनातली नियत पुरते. गरिबाची मान खाली जाऊ नये, म्हणून ही सोय किती मोलाची!

श्रीमंताच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क आहे, असे कुराण सांगते. आमच्या कामगार चळवळीला हक्क हा शब्द परका नाही. 1966 साली बिडी कामगारांसाठी कायदा झाला, तोही हक्काचाच होता. कायद्याचा हक्क मजुरीचा आणि धर्माचा हक्क जकातीचा. हे दोन्ही एकाच पाकिटात भरता येत नाहीत.

त्या बाईला आम्ही तेच सांगितले. मग आम्ही मालकाकडे गेलो. मजुरी मजुरी म्हणून मिळाली, आणि पाकीट तिने नंतर घेतले, मान वर करून.