पत्ते लावलेले होते का?

गेल्या पर्युषणानंतर थोड्याच दिवसांनी, पनवेलमधील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील तरुण सायंकाळी घरी आला. हातात बँकेच्या खातेउताऱ्याची जाड चळत होती. मोबाईलवर पैसे लावून पोकर खेळण्यात त्याची मोठी रक्कम गेली होती आणि त्यात आईच्या नावावरची एक मुदत ठेवही मोडली गेली होती. वडिलांना याचा पत्ता नव्हता. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाकडून एक चांगला तक्रारअर्ज लिहून घ्यावा, ही त्याची अपेक्षा होती.

"काका, पत्ते लावलेले असतात," तो म्हणाला. "तीन वेळा माझ्याकडे एक्क्यांची जोडी होती. तिन्ही वेळा सगळे पैसे लावले आणि तिन्ही वेळा हरलो. हे नशीब असू शकत नाही."

त्याचा संशय हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, कारण असे प्रकार घडलेले आहेत. १९९९ साली इंटरनेटवरील एका पोकर संकेतस्थळाची पत्ते पिसण्याची पद्धत अमेरिकेतील काही संगणकतज्ज्ञांनी उलगडून दाखवली. बावन्न पत्ते जितक्या प्रकारे लागू शकतात, ती संख्या ८ या अंकापुढे ६७ शून्ये मांडावीत एवढी प्रचंड आहे. त्या संगणकाचे पिसणे मात्र मध्यरात्रीपासून किती सहस्रांश सेकंद लोटले यावर बेतलेले होते, आणि दिवसभरात असे सहस्रांश सेकंद ८ कोटी ६४ लाखच असतात. त्यामुळे स्वतःचे दोन आणि टेबलावरचे तीन पत्ते दिसताच उरलेले सारे पत्ते सांगणे त्या तज्ज्ञांना शक्य झाले. पुढे २००७-०८ मध्ये अॅब्सोल्यूट पोकर आणि अल्टिमेटबेट या दोन परदेशी संकेतस्थळांवर त्याहून गंभीर प्रकार उघडकीस आला. व्यवस्थेशी आतून संबंध असलेल्या काहींना इतरांचे झाकलेले पत्ते दिसत होते.

आपल्या महाराष्ट्रातही जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार केली आणि पोलिसांनी गोंदियातील एका घरावर छापा घालून कोट्यवधींची रोकड व सोने जप्त केले. तो खेळ पोकरचा नव्हता, पण तक्रार फसवणुकीचीच होती.

मात्र परदेशातील तो घोटाळा सिद्ध कसा झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हरलेल्यांच्या संतापावर तो सिद्ध झाला नाही. एका खेळाडूने मागितलेल्या नोंदींच्या फाईलमध्ये सर्वांचे झाकलेले पत्तेही चुकून आले. मग जाणकारांनी डावामागून डाव तपासले. काही खाती इतक्या सातत्याने जिंकत होती, की कौशल्य किंवा दैव यांपैकी कशानेही त्याचा खुलासा होईना. म्हणजे आरोप उभा राहिला तो मोठ्या हिशेबावर, तीन डावांच्या आठवणीवर नव्हे.

आता त्या तीन डावांकडे पाहू. एक्क्यांच्या जोडीसमोर राजांची जोडी आहे असे धरले, तर एक्केवाला सुमारे ८२ टक्के वेळा जिंकतो आणि १८ टक्के वेळा हरतो. सलग तीनदा हरण्याची शक्यता १८ टक्क्यांचा तीनदा गुणाकार केल्यास मिळते. ती अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक, म्हणजे साधारण १७१ मध्ये एकदा, इतकी येते. एकट्या माणसाला हे अघटित वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एक लाख खेळाडूंवर असे प्रत्येकी तीन प्रसंग आले, तर त्यांतील सुमारे ५८० जण तिन्ही वेळा हरतील, आणि तेही पत्ते अगदी प्रामाणिकपणे पिसलेले असताना. त्या प्रत्येकाला आपल्याविरुद्ध कट झाला असेच वाटेल. उरलेले ९९ हजारांहून अधिक लोक तक्रारअर्ज लिहून घ्यायला कोणाच्या दारी जाणार नाहीत.

गणितात या चढउताराला विचलन म्हणतात. पोकरमध्ये ते फार मोठे असते. समजा, एखादा खेळाडू खरोखर निपुण आहे आणि दर १०० डावांमागे सरासरी ५ एकके जिंकतो. तेवढ्याच डावांत चढउतार मात्र सुमारे ९० एककांचा असतो. या हिशेबाने १० हजार डाव खेळूनही अशा निपुण खेळाडूंपैकी दहांतले जवळजवळ तीन जण तोट्यात असतील. निपुण माणसालाही आपण निपुण आहोत की केवळ सुदैवी, हे ओळखायला इतका काळ लागतो. मग सामान्य खेळाडूने महिन्याभराच्या हारजितीवरून स्वतःबद्दल अथवा संगणकाबद्दल निष्कर्ष काढणे निराधारच ठरते.

शिवाय टेबलावर बसलेल्यांत एक जण असा असतो, जो कधीच हरत नाही. जुन्या अड्ड्यांवर अड्डेवाला प्रत्येक डावातून आपली 'नाल' काढून घेत असे. ऑनलाइन पोकरमध्ये तिलाच रेक म्हणतात. समजा, सहा जण प्रत्येकी ५,००० रुपये घेऊन बसले. टेबलावर ३०,००० रुपये झाले. तासाला ६० डाव, प्रत्येक डावात सरासरी ६०० रुपये आणि त्यातून ५ टक्के नाल, असा हिशेब धरला तर तासाला १,८०० रुपये टेबलावरून उठून जातात. पाच तासांत ९,००० गेले. आता सहा जणांत मिळून २१,००० च उरले आहेत. यासाठी कोणाला पत्ते लावावे लागले नाहीत.

हे सारे त्या तरुणाला सांगितले. त्याला ते फारसे पटले नाही. तेव्हा मी अर्ज बाजूला ठेवला आणि म्हटले, "आधी आपण उताऱ्याची बेरीज करू." चौदा महिन्यांच्या त्या उताऱ्यात खेळाच्या खात्यात पैसे भरल्याच्या १८७ नोंदी होत्या. भरलेली रक्कम ४,३८,००० रुपये. परत आलेली रक्कम १,५२,०००. निव्वळ तोटा २,८६,०००. ज्या तीन डावांचा त्याला राग होता, त्यांत एकूण ७१,००० गेले होते. राहिलेल्या २,१५,००० रुपयांची कहाणी त्याला आठवत नव्हती. ते पाचशे, हजार, दोन हजार असे, बहुतेक रात्री अकरानंतर गेले होते.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. तीन डावांचे दुर्दैव त्याला तोंडपाठ होते. १८७ वेळा स्वतःच्या बोटाने दाबलेले बटण मात्र स्मरणात नव्हते. तिन्ही डाव कोणी लबाडीने फिरवले होते असे मानले, तरी तीन चतुर्थांश तोटा त्याबाहेरचा होता.

आपल्या शास्त्रात निमित्त आणि उपादान असा भेद केला आहे. बाहेरचे कारण निमित्त असते, पण परिणाम घडतो तो आपल्या स्वतःच्या परिणतीतून. पत्ते, संगणक, समोरचा खेळाडू ही सारी निमित्ते होत. त्यांच्याकडे बोट दाखवीत राहिल्याने उपादानाकडे लक्षच जात नाही. सप्तव्यसनांत द्यूताला पहिले स्थान आहे आणि त्याचे उदाहरण म्हणून युधिष्ठिराची कथा सांगितली जाते. फासे कपटाचे होते हे आपण सारेच जाणतो. तरीही त्या कथेचा बोध 'फासे तपासून घ्या' असा आपल्या आचार्यांनी कधी सांगितला नाही.

येथे आणखी एक भ्रम नोंदवावासा वाटतो. तो तरुण म्हणाला होता, "माझे लाभांतराय कर्म उदयात होते. ते संपले की दिवस फिरतील, म्हणून खेळत राहिलो." धर्माची परिभाषा वापरून आपण स्वतःला कसे फसवतो, याचे हे उदाहरण आहे. पत्त्यांना मागच्या डावाची स्मृती नसते. दहा वेळा हरल्यामुळे अकरावा डाव आपला होत नाही. आणि कर्माची निर्जरा तप-संयमाने होते, पैजेची रक्कम वाढवल्याने नव्हे. उलट लोभ आणि क्रोध या कषायांनी नवा बंधच पडतो.

कायद्याची बाजूही वाचकांनी जाणून घ्यावी. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक असतो. जिंकलेली पैज वसूल करण्यासाठी दावा चालत नाही. आपल्या राज्यात १८८७ पासून जुगार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात कौशल्याच्या खेळाला सवलत असल्याने पोकर कौशल्याचा की दैवाचा, हा वाद देशभरातील न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला, पर्युषणाच्या दिवसांतच, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य असो वा दैव, पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना त्याने मनाई केली. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी देशातील मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. आता ज्या परदेशी अॅपच्या लिंक मोबाईलवर येतात, तेथे पत्ते कोण पिसतो हे विचारायलाही कोणी सापडणार नाही.

कोणाची खरोखर फसवणूक झाली असेल, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी आणि खातेउतारा व संदेश जपून ठेवावेत. व्यसन सुटत नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशन मिळते. त्यात कमीपणा नाही. पालकांना एवढीच विनंती, की मुलाने कबुली दिली तर पहिल्या दिवशी उपदेश करू नये. त्याच्याजवळ बसून उताऱ्याची बेरीज करावी. बेरीज पुरेसे सांगते.

तो तक्रारअर्ज शेवटी लिहिलाच गेला नाही. त्याऐवजी एका कागदावर तीन ओळी उतरल्या: भरले, परत आले, गेले. तो कागद घेऊन त्याने त्याच रात्री आईवडिलांना सारे सांगितले. वडील दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी दुकानाची रोजकीर्द त्याच्याकडे सोपवली. आईच्या नावाने त्याने दरमहा ५,००० रुपयांचे आवर्ती खाते उघडले आहे. पूर्ण भरपाईला पावणेपाच वर्षांहून अधिक काळ लागेल. पहिला हप्ता भरल्याची पावती तो मला दाखवायला आला होता. पत्त्यांविषयी या वेळी त्याने काही विचारले नाही.