पहिलटकरणीला आधार हवा

मराठवाड्यातल्या वाशी तालुक्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून टिकून आहे. सातव्या-आठव्या महिन्यात लेक येते, दवाखान्यात बाळंत होते आणि दुसऱ्याच दिवशी घरात कुजबुज सुरू होते, "पोरीला दूधच येईना. लेकरू उपाशी हाय." मग वाटी-चमचा निघतो, डब्याचे दूध येते, नाहीतर म्हशीच्या दुधात पाणी घातले जाते. दूध येत नसल्याची ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते. पहिलटकरीण मात्र ती मनाला लावून घेते आणि आपल्यातच काही कमी आहे असे मानू लागते.

पहिले तीन दिवस

बाळंतपणानंतर सुरुवातीला येतो तो चीक. तो घट्ट, पिवळसर आणि थोडाच असतो. गाय-म्हैस व्याल्यावर खरवस हौसेने खाणाऱ्या घरांतही बाईचा चीक "खराब" म्हणून पिळून टाकला जातो. खरे तर रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये आणि 'अ' जीवनसत्त्व यांचा तो साठाच असतो. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचा-दीड चमचा मावते, म्हणून तेवढा चीक त्याला पुरतो. पांढरे, भरपूर दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते. सिझेरियन झाले असेल तर कधी आणखी थोडा उशीर होतो.

बाळाला पहिल्या तासात छातीशी लावावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 88.6 टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली दिसली, पण पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळे 41.8 टक्केच होती. बाळ डॉक्टर-परिचारिकांच्या हातात जन्मते आणि तरीही तो तास निसटतो. त्या वेळेत कुणी मध चाटवते, कुणी साखरेचे पाणी देते. मधातून एका घातक जिवाणूची बाधा होऊ शकते, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला तो देऊच नये. गुटीही टाळावी.

दूध कसे तयार होते

बाळ चोखते तेव्हा आईच्या मेंदूतून दोन संप्रेरके सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करते, ऑक्सिटोसिन ते पुढे ढकलते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. जितके चोखणे, तितके दूध. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असते, त्यामुळे रात्रीचे पाजणे चुकवू नये. भीती, वेदना आणि टोमणे यांनी ऑक्सिटोसिन अडते. "तुला दूध नाही" हे वारंवार ऐकवले तर पान्हा खरोखरच अडखळतो. त्यात वरचे दूध सुरू झाले की बाळ कमी चोखते, आईचे दूध घटते आणि घरच्यांना आपलेच म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटते.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नये. बाळ थंडी, ओले दुपटे, झोप, नुसती जवळीक यांसाठीही रडते. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे घटते आणि दोन आठवड्यांत ते जन्माइतके व्हायला हवे. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ चोवीस तासांत सहा वेळा किंवा जास्त लघवी करत असेल, तर दूध पुरते आहे. लघवी कमी असेल, बाळ सुस्त असेल किंवा वजन वाढत नसेल, तर मात्र तातडीने दवाखाना गाठावा.

दुखते तेव्हा

पाजताना दुखते, हे अनेक आया लाजेने सांगत नाहीत. स्तनाग्राला चिरा पडतात, प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी येते. याचे नेहमीचे कारण बाळाची चुकीची पकड. बाळाने नुसते टोक धरता कामा नये. तोंड मोठे उघडून भोवतालचा काळसर भागही तोंडात घ्यायला हवा. हनुवटी स्तनाला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला असावा. छाती दगडासारखी भरून आली, तर पाजण्याआधी कोमट फडक्याने शेकून थोडे दूध हाताने काढावे, म्हणजे बाळाला पकड घेता येते. ताप, लाली आणि ठणका असेल तर डॉक्टरांना दाखवावे. अशा वेळीही सहसा पाजणे थांबवायचे नसते.

दवाखान्यातून घरी आल्यावर, जन्मापासूनच्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी आशाताईने घरी यावे, अशी सरकारी योजना आहे. त्या भेटीत तिच्यासमोर बाळाला पाजून दाखवावे आणि पकड तपासून घ्यावी. आईला दोन आठवड्यांनंतरही सतत रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

डिंक, अळीव, बाळंतशेपा, बाजरीची भाकरी यांनी बाळंतिणीला ताकद मिळते. ते जरूर द्यावे. पोट सुटेल म्हणून तिचे पाणी मात्र तोडू नये. बाळाला सहा महिने वरचे पाणी नको, अगदी मराठवाड्याच्या मे महिन्यातही नको. आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असते.

कोयता आणि तान्हे बाळ

वाशी, भूम, कळंब या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजुरी टनावर मिळते, त्यामुळे पाजायला बसलेली बाई म्हणजे थांबलेला कोयता. तान्हे बाळ फडाच्या कडेला झोळीत असते, नाहीतर कोपीत मोठ्या बहिणीच्या ओटीत. 2017च्या दुरुस्तीपासून कायद्याने 26 आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा आहे. मूल 15 महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्याही आहेत. मुकादमाकडून उचल घेतलेल्या बाईपर्यंत यातले काहीच पोहोचत नाही. एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष झाले, ही चांगली गोष्ट आहे. तशीच सावलीची जागा आणि पाळणाघर फडावर का नसावे?

लाभ दोघांचा

पाजल्याने आईचे गर्भाशय लवकर आकसते, रक्तस्राव घटतो. 'लॅन्सेट'मध्ये 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या विश्लेषणानुसार, पाजण्याच्या दर 12 महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका 4.3 टक्क्यांनी कमी होतो. त्याच नियतकालिकाच्या 2016च्या लेखमालेत अंदाज होता की, जगभर स्तनपान सर्वदूर झाले तर वर्षाला सुमारे 8 लाख 23 हजार बालमृत्यू टळतील. बाळाचे जुलाब आणि न्यूमोनिया कमी होतात, डब्याचा खर्च वाचतो. आणि पहिले कठीण आठवडे सरल्यावर, पोट भरलेले बाळ पिता पिता थांबून आईकडे पाहून हसते, तेव्हा तिचा आपल्यावरचा विश्वास परत येतो.

काही आयांना खरोखरच दूध कमी येते, काहींची बाळे अपुऱ्या दिवसांची असतात. त्यात त्यांचा दोष नाही. अशाच बाळांसाठी 1989 साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली.

तेव्हा बाळंतिणीच्या सासूबाईंना, तिच्या आईला आणि विशेषतः बाळाच्या बापाला विनंती आहे. बाळंतिणीला दूध येते का, हे विचारण्याआधी ती जेवली का, झोपली का, हे विचारा. रात्री बाळाचे दुपटे बदलायला तुम्ही उठा. पाजायचे काम आईचे असले, तरी तिला पाजता येईल असे घर उभे करणे हे बाकी सगळ्यांचे काम आहे.