सुवार्ता सांगणाऱ्याचे इमान

पुण्याहून नगरकडे जाणारा रस्ता शिक्रापुरावरून जातो, आणि या मुलखातून दक्षिणेस भीमा ओलांडली की दौंड तालुक्यातले केडगाव फारसे दूर राहत नाही. नगरच्या बाजूस रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कर्मभूमी आणि भीमेपलीकडे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन, अशी मराठी ख्रिस्ती इतिहासातली दोन मोठी ठिकाणे शिक्रापूरच्या दोन अंगांस आहेत. आणि ख्रिस्ताची सुवार्ता सांगताना सांगणाऱ्याच्या इमानाची परीक्षा नेमकी कोठे होते, हे ज्यास समजून घ्यावयाचे आहे त्याने या दोन चरित्रांकडे अवश्य वळावे. विरोध, उपहास, बहिष्कार या अडचणी उघड आहेत, आणि सोसणारे त्या सोसतात. परंतु आश्रय, अन्न अथवा आप्तपणाचा हक्क आपल्या हाती असताना ऐकणाऱ्याचा नकार देण्याचा अधिकार शाबूत ठेवणे, हेच माझ्या मते सर्वांत बिकट काम होय.

रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण ज्या धर्मभगिनींच्या आश्रयास त्या राहिल्या होत्या त्यांची मते मुकाट्याने मान्य करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्रैक्याच्या सिद्धांतापासून धर्मगुरूंच्या अधिकारापर्यंत त्यांनी पत्रांतून निकराचा वाद घातला. जिला स्वतःची विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हवाली करवली नाही, तिच्यावरच पुढे शेकडो परक्या मुलींच्या विवेकबुद्धीची जबाबदारी येऊन पडली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. उच्चवर्णीय विधवांसाठी असलेल्या या संस्थेत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, अशी शर्त होती, आणि रानडे-भांडारकरांसारख्या थोर पुरुषांचा सल्ला व पाठिंबा त्या शर्तीवर उभा होता. रमाबाई मुलींना उपदेश करीत नसत. मात्र आपल्या खोलीत कन्या मनोरमेसह प्रार्थना करताना खोलीचे दार त्या लावून घेत नसत. मुली येऊन बसू लागल्या. दार लावावे तर आपल्या श्रद्धेची चोरी केल्यासारखे होते, आणि उघडे ठेवावे तर पालकांच्या विश्वासास धक्का पोहोचतो, अशा पेचात सापडलेल्या या बाईंना लबाड ठरविणे मला अन्यायाचे वाटते. तथापि ज्या पालकांना आपली फसगत झाली असे वाटले, त्यांचा संताप निराधार होता असेही मला म्हणवत नाही. जिच्यावाचून त्या मुलींना जगात दुसरे कोणी मायेचे नव्हते, तिची नुसती प्रार्थनासुद्धा उपदेशाइतकीच परिणामकारक होणार, हे उघडच होते. ‘केसरी’ने प्रखर टीका केली, १८९३ च्या ऑगस्टात सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि अनेक मुलींना घरच्यांनी काढून नेले.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराश्रित मुली केडगावास आणल्या, तेव्हा हाच प्रश्न अधिक तीव्र झाला, कारण येथे दार ठोठावून जाब विचारणारे पालकही उरले नव्हते. त्या मुलींना विणकाम, शेती, छपाई शिकविली गेली, आणि त्यांतल्या पुष्कळ जणी ख्रिस्ती झाल्या. उपाशी मुलीने भाकरी देणाऱ्या हाताकडे पाहून दिलेला होकार कितपत तिचा स्वतःचा, याचा निवाडा बाहेरच्या माणसाला करता येत नाही. मला मोलाचे वाटते ते हे, की रमाबाईंनी उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यास वाहून घेतले. खिळे जुळविण्याचे काम तेथल्याच बायकांनी केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचा अंत झाल्यावर तो समग्र ग्रंथ बाहेर पडला. ज्या बाईला वाचता येते, तिला सांगणारीचे म्हणणे मूळ ग्रंथाशी ताडून पाहता येते.

पुढे कायद्यापुढेही हाच प्रश्न आला. आपल्या घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्मप्रचाराचा हक्क दिला आहे, आणि दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. त्या निर्णयावर कायदेपंडितांत मतभेद आहेत, परंतु दुसऱ्याची विवेकबुद्धी ही आपली जहागीर नव्हे, एवढे तरी प्रत्येक प्रचारकाने मनाशी बांधावे.

नारायण वामन टिळकांना हा धडा स्वतःच्या घरातच मिळाला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले, आणि कित्येक वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे त्या परत आल्या त्याही आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक निराळा सांभाळून. ज्याच्या वाणीने सभा डोलत, त्या कवीला घरातल्या एका माणसापुढे वाट पाहण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. जातिभेदाचे जोखड लक्ष्मीबाईंच्या मनातून त्यांच्याच विचाराने गळून पडले, आणि १९०० साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये गेले, आणि त्यांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरे केले.